फीरा: नवी गाडी सिद्ध होण्याआधीच जुनी बंद केली तेव्हा

९ डिसेंबर २०१२ रोजी नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या रेल्वे कंपन्यांनी ॲमस्टरडॅम–ब्रसेल्स मार्गावर ताशी २५० किमी वेगाची नवी गाडी सुरू केली. तिचं नाव फीरा. त्याच दिवशी, १९५७ पासून धावणारी साधी बेनेलक्स गाडी बंद झाली. जेमतेम चाळीस दिवसांनी, १७ जानेवारी २०१३ ला, फीरा थांबली ती कायमचीच. जुनी गेलेली, नवी बंद पडलेली, आणि दोन शेजारी देशांच्या मोठ्या शहरांमध्ये नेहमीच्या तिकिटावर, आरक्षणाशिवाय चढता येईल अशी एकही थेट गाडी उरली नाही. तेलही गेलं आणि तूपही गेलं.

युरोपात सीमापार वेगवान रेल्वेची चर्चा निघाली की नकाशे, बोगदे आणि अब्जावधी युरोंबद्दल बोललं जातं. फीराचं प्रकरण बघण्यासारखं आहे ते याचसाठी, की इथे नकाशा तयार होता, बोगदा खणून झाला होता, पैसेही खर्च झाले होते. रूळ उत्तम होते. बिघडला तो निर्णयांचा क्रम.

रूळ

नेदरलँड्सच्या बाजूची वेगवान मार्गिका स्खिपोल विमानतळाजवळून निघते, रॉटरडॅम गाठते आणि ब्रेडाजवळून बेल्जियमच्या सीमेकडे जाते. लांबी सुमारे १२५ किमी, खर्च अंदाजे ७ अब्ज युरो, वेगाची क्षमता ताशी ३०० किमी. पलीकडे बेल्जियमने सीमेपासून अँटवर्पपर्यंत सुमारे ४० किमीचा मार्ग बांधला.

मार्ग नेमका कुठून न्यायचा यावर दोन्ही देशांत बरीच वर्षं रस्सीखेच चालली. बेल्जियमला एक आखणी सोयीची होती, नेदरलँड्सला दुसरी. अखेर १९९६ मध्ये करार झाला. मार्ग महामार्गाला धरून गेला आणि आपल्या पसंतीची आखणी मिळावी म्हणून नेदरलँड्सने बेल्जियमला सुमारे ८२ कोटी गिल्डर (युरोआधीचं डच चलन) द्यायचं कबूल केलं. शेजाऱ्याच्या जमिनीवरच्या रुळांसाठी आपल्या तिजोरीतून पैसे मोजायचे, हा भाग मला या साऱ्या कहाणीत सर्वांत समंजस वाटतो. सीमापार कामात लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असं नेहमी होतं. इथे निदान त्याचा हिशेब उघडपणे झाला.

देशांतर्गत राजकारणासाठीही भरपूर पैसे ओतले गेले. लायडनच्या आसपासचा, गायरानं आणि कालव्यांचा सपाट प्रदेश डच लोक ‘हिरवं हृदय’ म्हणून जपतात. त्यावरून गाडी धडधडत जायला नको म्हणून तिथे ७ किमीहून लांब बोगदा खणला. त्याच्या यंत्राचा व्यास जवळपास १५ मीटर होता, त्या काळी जगातला सर्वांत मोठा. वर गाई चरतात, खालून गाड्या जातात. डोंगर नसलेल्या देशातला हा बोगदा बघून अभियंते थक्क होतात आणि हिशेबनीस कपाळाला हात लावतात.

बेल्जियमकडचं सर्वांत मोलाचं काम अँटवर्प शहराच्या पोटात झालं. अँटवर्प सेंट्रल हे भव्य घुमटाचं स्थानक मुळात टोकाचं होतं. गाडी आत गेली की तोंड फिरवूनच बाहेर यायची, म्हणून आंतरराष्ट्रीय गाड्या बाजूच्या बेर्खेम स्थानकावर थांबून पुढे निघून जायच्या. २००७ मध्ये शहराखालून आरपार बोगदा सुरू झाला आणि जुन्या फलाटांच्या खाली नवे फलाट आले. वेगाच्या आकड्यांपुढे हे काम कुणाच्या लक्षात राहत नाही, पण ॲमस्टरडॅम–ब्रसेल्स प्रवाशाला त्याचा फायदा रोज मिळतो.

लिलाव

रूळ कोण बांधणार हे ठरल्यावर त्यावर गाड्या कोण चालवणार, हा प्रश्न आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डच सरकारला बाजारपेठेची भुरळ पडली होती. निविदा निघाली. सरकारी मालकीच्या एनएस या रेल्वे कंपनीला धास्ती वाटली, की परदेशी कंपनी आपल्या अंगणात शिरेल. देशातला सर्वांत फायद्याचा पट्टा, ॲमस्टरडॅम ते रॉटरडॅम, दुसऱ्याच्या हाती गेला तर उरलेल्या जाळ्याचं काय होणार? त्या भीतीपोटी एनएसने केएलएम विमान कंपनीला थोडा वाटा देऊन एक उपकंपनी काढली आणि २००१ मध्ये वर्षाला १४.८ कोटी युरो शुल्क देण्याची बोली लावून हक्क मिळवला. ही बोली इतरांपेक्षा खूपच वरची होती.

सरकारने आनंदाने ती स्वीकारली. खरं तर मालकाने आपल्याच कंपनीची इतकी चढी बोली पाहून दोन प्रश्न विचारायला हवे होते. हे पैसे येणार कुठून? आणि ज्या गाडीच्या भरवशावर हा आकडा मांडलाय, ती गाडी आहे कुठे?

गाडी नव्हती. तिची मागणी अजून नोंदवायचीच होती.

एवढं शुल्क भरायचं म्हणजे तिकीट महाग ठेवणं, अधिभार लावणं आणि गाडी शक्य तितकी स्वस्तात मिळवणं आलंच. मग जास्तीत जास्त वेग ताशी २५० किमी ठरला. रूळ ३०० चे होते, तरी हा निर्णय एकट्याने पाहिला तर चुकीचा नव्हता. १०० किमी अंतर ३०० च्या वेगाने २० मिनिटांत कापलं जातं, २५० ने २४ मिनिटांत. चार मिनिटांसाठी बरीच महाग गाडी घ्यायची का, हा प्रश्न रास्तच आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी होती. ३०० च्या तयार गाड्या बाजारात होत्या. २५० च्या, तीन तऱ्हेच्या विजेवर चालणाऱ्या, दोन देशांच्या जुन्या आणि नव्या दोन्ही सिग्नलवर धावणाऱ्या गाड्या कुणाच्याही दुकानात नव्हत्या.

तीन तऱ्हेची वीज म्हणजे काय, तेही सांगतो. डच जुन्या रुळांवर १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, बेल्जियमच्या जुन्या रुळांवर ३,००० व्होल्टचा एकदिश, आणि वेगवान मार्गिकेवर दोन्हीकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. सिग्नलांचंही तसंच. प्रत्येक देशाची जुनी पद्धत वेगळी, आणि नव्या मार्गिकेवर युरोपसाठी ठरलेली ईटीसीएस ही समान पद्धत, जिच्यात चालकाला रेडिओवरून आज्ञा मिळतात. त्यात डच गाड्या उजवीकडून धावतात आणि बेल्जियमच्या डावीकडून, म्हणजे कुठेतरी बाजूही बदलावी लागते.

समान पद्धत आली म्हणजे निदान सीमेवरची कटकट संपेल, असं सर्वांना वाटलं होतं. झालं उलटंच. ईटीसीएसच्या आवृत्त्या बदलत राहिल्या आणि बांधकाम चालू असतानाच आवृत्ती सुधारून घ्यावी लागली. शिवाय दोन्ही बाजूंच्या यंत्रणा वेगवेगळ्या पुरवठादारांच्या होत्या. एका देशाच्या सिग्नल केंद्राने धावती गाडी दुसऱ्या देशाच्या केंद्राच्या हवाली करायची, तीही वेग कमी न करता, हे जमवण्यात बराच काळ गेला. कागदावर नियम एकच होता. यंत्रं मात्र तो आपापल्या परीने वाचत होती.

गाडी

२००४ मध्ये इटलीच्या अन्साल्दोब्रेदा कंपनीला काम मिळालं. युरोपातल्या बड्या गाडीनिर्मात्यांना एवढ्या छोट्या आणि विचित्र मागणीत फारसा रस नव्हता. एकूण १९ गाड्या, त्यातल्या १६ डच कंपनीसाठी आणि ३ बेल्जियमच्या एनएमबीएस या रेल्वे कंपनीसाठी. प्रत्येक गाडी आठ डब्यांची, ५४६ आसनांची, पिनिनफारिनाच्या रेखाटनातून आलेली. मोटारींच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्याचा हात लागल्यामुळे ती देखणी होती हे नाकारता येत नाही.

इथे एक भानगड सांगण्यासारखी आहे. एनएसने या गाड्या थेट न घेता आयर्लंडमधल्या आपल्या उपकंपनीमार्फत घेतल्या, कारण तिथे कर कमी. म्हणजे डच सरकारच्या मालकीची कंपनी डच सरकारचा कर वाचवत होती. हेगच्या संसदेत यावर पुढे बराच धुरळा उडाला.

गाड्या २००७ पर्यंत यायच्या होत्या. आल्या नाहीत. दरम्यान मार्गिका तयार झाली. तिच्या वरच्या भागाचं, म्हणजे रूळ, वीज आणि सिग्नल यांचं काम खासगी समूहाला दीर्घ मुदतीच्या करारावर दिलेलं होतं. ‘मार्ग वापरण्यालायक ठेवा, पैसे घ्या’ अशी त्याची अट. मार्ग वापरण्यालायक होताच, त्यामुळे गाडी धावो वा न धावो, सरकारी तिजोरीतून देणं चालू राहिलं. कराराच्या दृष्टीने यात काहीच वावगं नव्हतं. प्रत्येक करार आपल्यापुरता नीट होता. बांधणारा, चालवणारा, गाडी देणारा असे सगळे वेगवेगळ्या कागदांवर बांधलेले, आणि त्या कागदांमधल्या फटीत प्रवासी.

७ सप्टेंबर २००९ ला मार्गिका उघडली ती तडजोडीच्या गाडीवर. भाड्याची इंजिनं, जुने इंटरसिटी डबे, वेग ताशी १६०. नाव मात्र फीराच. अधिभार मोजूनही नेहमीच्या गाडीपेक्षा फारसा थाट नाही म्हणून लोक चढेनात. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला जाणारी थालिस मार्गिकेवर आली आणि तिने ॲमस्टरडॅम–ब्रसेल्स अंतर दोन तासांच्या आत आणलं. म्हणजे ३०० च्या वेगाची, दोन्ही देशांत मान्यता मिळालेली गाडी डोळ्यांसमोर धावत होती.

शुल्काचं ओझं झेपेना. चालवणारी उपकंपनी दिवाळखोरीच्या दारात आली. २०११ मध्ये सरकारने तोडगा काढला की मार्गिकेचा हक्क देशाच्या मुख्य जाळ्याच्या हक्कात मिसळायचा. थोडक्यात, मोठी बोली लावून घेतलेलं काम शेवटी बोली न लावता परत मूळ मालकाच्याच घरी आलं.

हिवाळा

एव्हाना पाच वर्षं उशीर झालेला. सगळ्यांवर दबाव एकच, गाडी रुळावर आणा. डच आणि बेल्जियन सुरक्षा संस्थांनी मान्यता दिली. ती बरीचशी कागदपत्रांच्या आधारे होती, यावर पुढे बोट ठेवलं गेलं. डिसेंबरच्या वेळापत्रकात फीरा अवतरली आणि पहिल्याच आठवड्यापासून उशीर, रद्द फेऱ्या, बंद दारं, बिघडलेली संगणक प्रणाली अशा तक्रारींचा पाऊस पडला. आरक्षण सक्तीचं. चुकलेल्या गाडीचं तिकीट पुढच्या गाडीला चालेलच असं नाही. हेगमधून ब्रसेल्सला थेट जाणारे तर पूर्ण वाऱ्यावर, कारण बेनेलक्स हेगला थांबायची आणि फीरा तिकडे जातच नव्हती.

मग बर्फ पडला. गाड्यांच्या पोटाला बर्फाचे थर चिकटले, वेगात ते सुटून आदळू लागले. बेल्जियममध्ये रुळालगत एक पत्रा सापडला, तो फीराच्या तळाचा होता. बेल्जियमच्या सुरक्षा संस्थेने बंदी घातली आणि दोन्ही कंपन्यांनी गाड्या उभ्या केल्या.

पुढच्या काही महिन्यांत तज्ज्ञांनी गाड्या उलटसुलट तपासल्या. गंज, पाण्याची गळती, विजेच्या तारांची हलगर्जी जोडणी, चाकांचं नुकसान असं बरंच सापडलं. निर्मात्याचं म्हणणं वेगळं होतं. गाड्या ठीक आहेत, बर्फातही त्या फार वेगाने हाकल्या गेल्या, असं त्यांनी सांगितलं. ३१ मे २०१३ ला बेल्जियमने करार मोडल्याचं जाहीर केलं, तीन दिवसांनी डच कंपनीने. २०१४ मध्ये समझोता झाला, गाड्या इटलीला परत गेल्या आणि एनएसला १२.५ कोटी युरो मिळाले.

त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे फार लोकांना माहीत नसतं. दुरुस्त होऊन त्या ट्रेनइटालिया या इटलीच्या रेल्वे कंपनीकडे गेल्या आणि २०१९ पासून ईटीआर ७०० या नावाने ॲड्रियाटिक किनाऱ्यावर धावू लागल्या. एक देश, एका कंपनीची देखरेख, बर्फ क्वचित. तिथे त्या चालतात. म्हणून ‘भंगार गाडी’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही. डेन्मार्कलाही याच निर्मात्याने गाड्या फार उशिरा दिल्या होत्या, हे खरं. पण त्या उशिराची चाहूल लागल्यावरही दुसरी सोय हाताशी न ठेवणं हे निर्मात्याचं पाप नव्हतं.

चौकशी आणि दुरुस्ती

डच संसदेने चौकशी समिती नेमली. मादलेन फान तोरेनबुर्ख तिच्या अध्यक्षा होत्या. अहवाल २८ ऑक्टोबर २०१५ ला आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘थंडीत सोडलेला प्रवासी’ असा होतो. एनएसने प्रवाशापेक्षा स्पर्धक दूर ठेवण्याला महत्त्व दिलं, मंत्रालयाने वेळेवर लगाम ओढला नाही, संसदेला पुरेशी माहिती दिली नाही, असा एकूण सूर. त्याच दिवशी राज्यमंत्री विल्मा मान्सफेल्ड यांनी राजीनामा दिला.

अहवालापेक्षा मला पुढची दुरुस्ती अधिक बोलकी वाटते, कारण तिची चर्चाच झाली नाही. आधी, फेब्रुवारी २०१३ मध्येच, हेग–ब्रसेल्स साधी गाडी पुन्हा सुरू केली. तिच्या फेऱ्या हळूहळू वाढवल्या. देशांतर्गत फीराचं नाव बदलून इंटरसिटी डायरेक्ट केलं. २०१८ मध्ये ब्रसेल्सची इंटरसिटी वेगवान मार्गिकेवर वळवली, तेच जुने डबे आणि तीच भाड्याची इंजिनं घेऊन. प्रवासाचा वेळ कमी झाला आणि एकाही नव्या गाडीची वाट बघावी लागली नाही. हे २००९ मध्येच ब्रसेल्सपर्यंत करता आलं असतं का? बहुधा आलं असतं. पण तेव्हा वेगवान मार्गिकेवर साधी गाडी चालवणं म्हणजे नामुष्की समजली जात होती.

नवी गाडीही आली, तिची मागणी मात्र वेगळ्या रीतीने नोंदवली. २०१६ मध्ये अल्स्टॉम या फ्रेंच गाडीनिर्मात्याला देशांतर्गत इंटरसिटीचं मोठं काम दिलं, त्यांच्या आधीच्याच गाडीकुळातलं. नंतर त्यातच बेल्जियमला जाऊ शकतील अशा २० गाड्यांची भर घातली. वेग ताशी २००. म्हणजे वरच्या हिशेबाने १०० किमीला ३० मिनिटं, फीरापेक्षा सहा मिनिटं जास्त. या पिवळ्या-काळ्या गाड्यांना डच लोक गांधीलमाशी म्हणतात. त्यासुद्धा ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा आल्या. पण तोवर जुने डबे धावत होते, त्यामुळे फीराच्या वेळेसारखा गदारोळ झाला नाही.

डिसेंबर २०२४ पासून दोन प्रकारच्या गाड्या आहेत. ॲमस्टरडॅम झाउडहून निघणारी युरोसिटी डायरेक्ट स्खिपोल, रॉटरडॅम, अँटवर्प करत जवळपास दोन तासांत ब्रसेल्सला पोचते. ब्रेडामार्गे जाणारी दुसरी युरोसिटी अधिक ठिकाणी थांबते. दोन्ही मिळून दिवसाला प्रत्येक दिशेला ३२ फेऱ्या, आधीच्या दुप्पट. आरक्षणाची सक्ती नाही. फीराचा वेग त्यांना नाही, पण रॉटरडॅमहून तासाला दोनदा गाडी मिळते आणि चुकली तर पुढची आहेच. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलफेनला राहणाऱ्या मराठी मंडळींना याची सोय लगेच कळेल. ट्रामने झाउड गाठायचं आणि पाहुण्यांना ब्रसेल्स दाखवून रात्री जेवायला घरी.

युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये खंडभरातल्या वेगवान मार्गांची तपासणी केली. गाड्या सरासरीने मार्गाच्या रचनेतल्या वेगाच्या जेमतेम ४५ टक्के वेगाने धावतात, आणि देशोदेशीचे तुकडे जोडून जाळं बनलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, मार्ग अधिक वेगवान करा. दुसरा, इतके महाग मार्ग बांधतानाच विचारा की त्यावर कुठली गाडी, कुणाची, किती वेळाने धावणार. युरोपात अजूनही पहिला निष्कर्ष भाषणांत चालतो आणि दुसरा अहवालांत.

काही गोष्टी खरोखर सुधारल्या. एकाहून अधिक देशांत धावणाऱ्या गाडीची मान्यता २०१९ पासून युरोपीय रेल्वे संस्थेकडे एकाच ठिकाणी मागता येते. दोन देशांच्या संस्थांनी एकमेकांच्या सहीकडे बघत सही करायची वेळ त्यामुळे कमी येईल. तिकिटांचं घोडं मात्र अडलेलंच आहे. ॲमस्टरडॅमहून बेल्जियममार्गे पुढे फ्रान्समधल्या लहान गावाला जायचं, तर तीन कंपन्यांची तिकिटं जोडावी लागतात, आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर भरपाई कुणी द्यायची हे तिकीट कसं काढलं यावर ठरतं. रुळांवर अब्जावधी ओतणाऱ्यांनी यासाठी सक्ती करायला इतकी वर्षं का घ्यावीत, याचं पटणारं उत्तर माझ्या ऐकिवात नाही. कंपन्यांना आपला ग्राहक आणि त्याची माहिती दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊ द्यायची नाही, एवढं दिसतं. एनएसची २००१ मधली धास्ती याच जातीची होती.

आणि हेग? २०१८ मध्ये गाडी वेगवान मार्गिकेवर वळवली तेव्हा तिथला थांबा पुन्हा गेला. डच संसद, मंत्रालयं आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय असलेल्या या शहरातून युरोपीय संघाच्या राजधानीला जायला रॉटरडॅमला गाडी बदलावी लागते. फेऱ्या वाढल्यामुळे ती बदलणं आता फारसं जाचक नाही. हेगच्या नगरपालिकेला ते मान्य नाही, आणि तिची थेट गाडीची मागणी चालूच आहे.